१ एचपीची मोटर ३ केव्हीएच्या इन्व्हर्टर जनरेटरला का जड जातीय?

तुमचा प्रश्न असा आहे की खानापूर तालुक्यात जांबोटीकडं शेतावर घर आहे, पावसाळ्यात करंट गेला की दोन-दोन दिवस पत्ता नसतोय म्हणून ३ केव्हीएचा पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर घेतला, त्यावर लाईट, टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळं झकास चालतंय, पण ६० मीटरवरच्या विहिरीची १ एचपीची सिंगल फेज मोटर दीडच्या वायरीवर लावली की लाल दिवा लागतोय आणि आउटपुट बंद, इंजिन मात्र आपलं चालूच. आणि शेजाऱ्याच्या जुन्या अडीच केव्हीएच्या धुराड्यावर तीच मोटर पहिल्या झटक्यात उचलतीय. मग आपलं मशीन खराब निघालं की दुकानदारानं फसवलं?

मी बेळगावच्या उद्यमबागेत २२ वर्षं मोटर रिवाइंडिंग आणि जनरेटर दुरुस्ती करतोय आणि जूनचा पाऊस लागला की हाच प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्या टेबलावर येतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मशीन बहुतेक खराब नाही. दुकानदारानंही खोटं विकलेलं नाही, फक्त विहिरीच्या मोटरीचा विषय निघाल्यावर "चालतंय की" म्हणून मोकळा झाला असणार. तो हिशोब वॅटमध्ये करतोय, मोटर मात्र उठताना अँपिअर मागते, इथंच सगळं अडकतंय.

गेल्या आषाढात जांबोटीच्या पुढं एका काजूच्या बागवाल्याकडं गेलो होतो, तुमच्यासारखीच केस, १ एचपी, कंडेन्सरवाली मोटर. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा, करंट त्या दिवशी नशिबानं होता म्हणून आधी लाईनवरच क्लॅम्प मीटर लावला. साधा क्लॅम्प असला तर मोटर उठतानाचा करंटचा झटका दिसत नाही बरं का, आकडा वर जाऊन खाली येईपर्यंत स्क्रीनवर काहीतरी मधलंच उमटतंय, त्यासाठी इनरश बटण असलेला मीटर लागतोय. बटण दाबलं, स्टार्टर दिला, मीटरवर ३१ अँपिअर. मोटर पूर्ण स्पीडला आल्यावर तेच ६.८. आता गुणाकार करा की, चालताना २३० गुणिले ६.८ म्हणजे साधारण १५५० व्हीए, तुमच्या ३ केव्हीएत आरामात बसतंय. आणि उठताना २३० गुणिले ३१, म्हणजे ७१०० च्या वर! ३ केव्हीएचं मशीन २३० व्होल्टला १३ अँपिअरचं असतंय, तेसुद्धा मॅक्सिममच्या आकड्यावर, रेटेड धरला तर १२ च्या आसपास. म्हणजे अर्धा-पाऊण सेकंद का होईना पण मोटर त्याच्याकडं अडीचपट मागतीय. इंडक्शन मोटर डायरेक्ट चालू केली की फुल लोडच्या चार ते सहा-सातपट करंट ओढतीय, हा काही तुमच्या मोटरीचा दोष नाही, रोटर उभा असताना आत उलटा विरोध करणारं व्होल्टेज तयारच झालेलं नसतंय म्हणून वाट मोकळी असती आणि करंट धावत सुटतोय, रोटर पळायला लागला की तो आपोआप बसतोय.

मग शेजाऱ्याचं धुराडं कसं उचलतंय? त्या जुन्या जनरेटरमध्ये इंजिन ३००० आरपीएमवर पळतंय, त्यालाच अल्टरनेटर सरळ जोडलेला, दोन पोलचा, म्हणून ३००० भागिले ६० म्हणजे ५० हर्ट्झ. मधे काहीच इलेक्ट्रॉनिक नाही, फार तर व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर किंवा एखादा कंडेन्सर. मोटरीनं झटका दिला की व्होल्टेज धाडकन पडतंय. २३० चं १६० झालं समजा. आता गंमत बघा, व्होल्टेज ७० टक्क्यावर आलं की मोटरचा झटकाही त्याच हिशोबानं ७० टक्क्यावर येतोय, ३१ चे २१-२२ अँपिअर होतात, आणि १६० गुणिले २२ म्हणजे साडेतीन केव्हीए. अडीचच्या मशीनला साडेतीन, तेपण सेकंदभर, हे तांब्याच्या वायंडिंगला काहीच नाही. इंजिन घुर्रर्र करून दबतंय, हर्ट्झ पण ४५-४६ वर उतरतात, फ्लायव्हील आणि रोटरचा जो फिरता गोळा आहे तो आपली साठवलेली ताकद सोडतोय, घरातले बल्ब मलूल होतात, आणि तेवढ्यात मोटर उठून पळायला लागती. फक्त टॉर्क, म्हणजे मोटरीचा फिरवायचा जोर, व्होल्टेजच्या वर्गात पडतोय, ७० टक्के व्होल्टेजला टॉर्क निम्माच राहतोय, पण पाण्याचा पंप सुरुवातीला फार जोर मागत नाही म्हणून जमून जातंय. गच्च भरलेल्या टाकीचा एअर कॉम्प्रेसर असता तर शेजाऱ्याचंही मशीन घूं करत बसलं असतं.

म्हणजे जुना जनरेटर ताकदवान आहे असं नाही. तो बेशिस्त आहे. व्होल्टेज, हर्ट्झ सगळं सोडून देतोय आणि मोटरीशी तडजोड करतोय. त्या तडजोडीच्या सेकंदात फ्रिजचं, टीव्हीचं काय होतंय हे तो बघत नाही. आणि मोटर सुटताना, म्हणजे बंद केल्यावर, उलटं होतंय, लोड एकदम गेला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतंय, माझ्याकडं जळून आलेले कितीतरी टीव्हीचे अडॅप्टर या उसळीचे असतात आणि लोक हेस्कॉमला शिव्या देतात. तुमच्या मशीनवर हा प्रकार जवळजवळ होत नाही, मोटर सुटली तरी बाहेर २३० चे २३० च.

आता तुमच्या मशीनच्या आत जाऊ. इथं इंजिनला जोडलेला अल्टरनेटर मॅग्नेटचा असतोय, भरपूर पोलचा, त्यातून थ्री फेज एसी निघतो तो शेकडो हर्ट्झचा, घरात काहीच कामाचा नाही. तो आधी रेक्टिफायरनं डीसी करतात, साधारण ३५०-४०० व्होल्ट डीसी, तो मोठ्या कंडेन्सरवर धरून ठेवतात, आणि पुढं चार आयजीबीटीचा, म्हणजे करंट झटपट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांचा, ब्रिज तो डीसी सेकंदाला हजारो वेळा कापून कापून त्यातून २३० व्होल्ट ५० हर्ट्झची साईन वेव्ह घडवतोय, शेवटी कॉइल आणि कंडेन्सरचा फिल्टर लावून ती गुळगुळीत करतोय. म्हणून इंजिन २५०० वर पळू दे नाहीतर ४५०० वर, बाहेर ५० हर्ट्झच. त्यामुळंच तो कमी लोडला हळू पळू शकतोय, पेट्रोल वाचतंय, आवाज कमी.

पण झटका आला की तो झटका कुणी सोसायचा? पहिल्या क्षणाला इंजिनला काही कळलेलंच नसतंय, डीसी कंडेन्सरमधली शिल्लकच वापरली जाती. ती शिल्लक किती ते सांगतो, कारण लोकांना वाटतंय आत एवढे मोठे डबे आहेत म्हणजे बॅटरीसारखं काहीतरी आहे. समजा १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३८० व्होल्टवर भरलाय. २३० ची साईन वेव्ह बनवायला वरचं टोक ३२५ व्होल्ट लागतंय, म्हणजे ३८० पासून ३२५ पर्यंतचीच ताकद कामाची, त्याच्याखाली गेलं की वेव्हचा माथा कापला जातोय. हिशोब केला तर ही ताकद येती १९ जूलच्या आसपास. २००० वॅटचा लोड ती दहा मिलीसेकंदात खाऊन टाकतोय. दहा मिलीसेकंद म्हणजे ५० हर्ट्झची अर्धी सायकल! पापणीसुद्धा लवत नाही तेवढ्यात. त्यानंतर जे काय यायचं ते इंजिनकडनंच, आणि इंजिन जर इकोवर, म्हणजे कमी लोडला हळू पळायच्या सोयीवर, २५०० आरपीएमला डुलक्या घेत असलं तर त्याची ताकदच त्या वेळी अर्धी असती, स्टेपर मोटरनं थ्रॉटल उघडायचा, कार्ब्युरेटरमधनं मिश्रण जायचं, इंजिन वर चढायचं, यात अर्धा-एक सेकंद जातोच. तोपर्यंत डीसी खाली बसलेला असतोय आणि कंट्रोलर म्हणतोय, जमत नाही बाबा.

म्हणून इको स्विच बंद करून मोटर लावा हे पहिलं. मशीनच्या पुस्तकात बहुतेक लिहिलेलं असतंय पण पुस्तक खोक्यातच राहतंय आणि खोकं माळ्यावर. इको बंद केल्यावर इंजिन वरच्या स्पीडला जाऊन थांबतंय, दहा सेकंद थांबा, मग स्टार्टर द्या. माझ्याकडं आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावरच मिटल्यात, त्या म्हणजे अर्ध्या एचपीच्या मोटरीच्या आणि फ्रिजच्या. १ एचपीला मात्र एवढ्यानं भागेलच असं नाही, कारण दुसरी भिंत अजून शिल्लक आहे.

ती भिंत म्हणजे आयजीबीटी. वायंडिंग आणि आयजीबीटीतला फरक गुऱ्हाळावरच्या माणसाला लगेच कळतोय. काहील तापवायला तासभर जाळ घालावा लागतोय, मधे दोन मिनिटं जाळ दुप्पट केला तरी रसाला फरक पडत नाही, अल्टरनेटरचं तांबं तसलं, किलो-किलोनं असतंय, सेकंदभराचा दुप्पट करंट पचवतंय. आयजीबीटीच्या आतली चिप नखाएवढी, ती म्हणजे तापल्या तव्यावरचा पापड, इकडं तिकडं बघितलं की करपला. दुप्पट-तिप्पट करंट गेला तर उष्णता बाहेर हीटसिंकला पोचायच्या आत चिप खलास. म्हणून कंपनीवाले करंटला मर्यादा घालतात, शॉर्ट सर्किटसारखं काही झालं तर मायक्रोसेकंदात तोडायचं आणि ओव्हरलोड असला तर काही सेकंद मुदत द्यायची. चांगलं मशीन असलं तर त्या मुदतीत ते शेजाऱ्याच्या धुराड्याचीच युक्ती करतंय, करंट मर्यादेत धरून व्होल्टेज मुद्दाम खाली घेतंय आणि मोटरीला हळूहळू उठू देतंय. त्या वेळी आउटपुटचा हिरवा आणि ओव्हरलोडचा लाल, दोन्ही दिवे एकदम लागतात. चारेक सेकंदात लाल विझला तर सगळं ठीक, तो मोटर उठतानाचा नेहमीचाच प्रकार. लाल राहिला आणि हिरवा विझला म्हणजे मशीननं हात टेकले. स्वस्तातली मशीनं ही मुदतच देत नाहीत, मर्यादा ओलांडली की फट्‍ करून बंद.

तर तुमच्या मशीनवर आधी हे बघा, लाल दिवा लागताक्षणी हिरवा जातोय का तीन-चार सेकंद मोटर घूं घूं करून मग जातोय. ताबडतोब जात असला तर झटकाच मोठा आहे किंवा मशीन कडक स्वभावाचं आहे. घूं घूं करून जात असला तर मोटर उठायला जास्त वेळ लावतीय, आणि हे बऱ्याचदा बरं करता येतंय.

त्या काजूवाल्याकडं हेच होतं. लाईनवर मोटर चालू होत होती म्हणून त्याला मोटरीवर संशयच नव्हता. स्टार्टरचा डबा उघडला, आत पाली आणि मुंग्यांची वसाहत, कंडेन्सर काढून मीटरवर लावला, अंगावर ५० मायक्रोफॅरड लिहिलेलं आणि मीटर ३१ दाखवतोय. म्हणजे मोटर लंगडत उठत होती. हेस्कॉमच्या लाईनला काय, मागं ट्रान्सफॉर्मर उभा आहे, दोन सेकंद ३१ अँपिअर दिले काय आणि अर्धा सेकंद दिले काय. जनरेटर मात्र तेवढा धीर धरत नाही. नवीन कंडेन्सर घातला, झटका फारसा कमी झाला नाही, पण उठायचा वेळ निम्म्याच्या खाली आला आणि इको बंद ठेवून, बाकी सगळं काढून लावली तर तिसऱ्यांदा नाही, पहिल्याच वेळेला मोटर उठली. लाल दिवा दीडेक सेकंद लागून विझला. खर्च कंडेन्सरचा आणि माझ्या चहाचा. चहा त्यांनीच दिला, सोबत काजू पण.

कंडेन्सर बघताना एकच सांगतो, करंट काढल्यावर त्याची दोन टोकं आधी पाच वॅटच्या रेझिस्टरनं किंवा जुन्या बल्बनं डिस्चार्ज करा, नुसत्या हातानं धरू नका, आमच्यातल्या पोरांना एकदा तरी प्रसाद मिळालेला असतोयच.

आता तुमची वायर. ६० मीटर आणि दीडची म्हणालात. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरला किलोमीटरला १२ ओहमच्या वर रेझिस्टन्स असतोय, जायचे ६० आणि यायचे ६० मिळून १२० मीटर म्हणजे जवळजवळ दीड ओहम. ३० अँपिअरचा झटका धरला तर वायरीतच ४३-४४ व्होल्ट गायब. तुम्ही म्हणाल मग बरंच की, झटका कमी होईल, होय, थोडा कमी होतोय, पण मोटरीला टॉर्क मिळत नाही, ती उठायला वेळ लावती आणि परत मुदतीचाच घोळ. चारची वायर टाकली तर तेच १७ व्होल्टच्या आत येतंय. आणि खरं सांगू का, चाकं असलेलं मशीन आहे तर वायरीवर पैसे घालण्याआधी जनरेटरच विहिरीकडं ढकलून नेऊन बघा एकदा, पाच मिनिटात कळतंय वायरीचा दोष आहे की नाही. पाऊस असला तर वर पत्रा धरा पण चारी बाजू मोकळ्या पाहिजेत, विहिरीवरच्या मोटर खोलीत दार लावून अजिबात चालवायचं नाही, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही आणि माणूस झोपेतच जातोय. घरातसुद्धा, सोप्यावर ठेवून दार ओढून घेतलं म्हणजे झालं असं नाही.

इंजिन दमदार पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पण आपल्या भागातलं एक लक्षात घ्या, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे आणि दर ३०० मीटरला इंजिनची ताकद साडेतीन टक्क्यानं उतरती असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे खोक्यावरच्या आकड्यातले आठ-नऊ टक्के इथंच गेले. त्यात एअर फिल्टर घाण असला तर विचारूच नका. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीतनं मशीन आलं होतं, तक्रार अशी की नुसते बल्ब चालतात पण वजनकाटा, पंखा आणि छोटी मोटर एकदम लावली की इंजिन गचके खातंय. फिल्टर काढला तर स्पंज राहिलाच नव्हता, तंबाखूच्या भुकटीची वडी झालेली, मला दिवसभर शिंका. धुऊन, वाळवून, तेलाचा हात लावून बसवला आणि मशीन गुमान कामाला लागलं. आणि पेट्रोल! गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच ठेवून या पावसाळ्यात चालू केलं की जेटमध्ये चिकटा धरलेला असतोय, हळू लोडला चालतंय पण एकदम थ्रॉटल उघडला की मिश्रण कमी पडून इंजिन खोकतंय. झटक्याच्या वेळचा हा खोकला आणि ओव्हरलोड यातला फरक कानानं कळतोय, ओव्हरलोडला इंजिन जोरात पळत राहतंय आणि आउटपुट जातंय, खोकल्याला इंजिनच बसतंय. पावसाळा संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवत चला.

कुठली वस्तू कसला झटका देती याबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. वडगावातल्या एका गणपती मंडळाच्या पोरांनी मला रात्री अकराला बोलावलं होतं, म्हणे साउंडमुळं जनरेटर बंद पडतोय, बेस कमी करा म्हणून ऑपरेटरशी भांडण लागलेलं. साउंडचा दोष नव्हताच, ॲम्प्लिफायरच्या आत त्याचे स्वतःचे कंडेन्सर असतात, बेसचे धक्के बरेचसे तेच गिळतात. खरा चोर कोपऱ्यात होता, धूर सोडायचं मशीन, आत १५०० वॅटचा हीटर आणि तो थर्मोस्टॅटवर मधे मधे चालू-बंद. हीटर तसा सरळ माणूस, १५०० म्हणजे १५००, झटका नाही. पण तो बंद झाला की इको मोडमध्ये इंजिन खाली बसायचं आणि तीस-चाळीस सेकंदांनी तो परत १५०० मागायचा, त्याच वेळी ढोलाचा ठेका. इको बंद केला, धुराचं मशीन दुसऱ्या जनरेटरवर नेलं, आरती झाली, मला मोदक.

फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅटचा पण जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर असला तर उठताना हजारभर वॅटचा झटका देतोय, तुमचं मशीन तो पचवतंय म्हणजे मशीन ठणठणीत आहे याचा पुरावाच की हा. करंट गेल्यावर लगेच फ्रिज जनरेटरवर टाकू नका, तीन-चार मिनिटं जाऊ द्या, आतलं गॅसचं प्रेशर उतरल्याशिवाय कॉम्प्रेसर उठतच नाही आणि अडकून झटक्याएवढाच करंट ओढत बसतोय. इन्व्हर्टर फ्रिज, इन्व्हर्टर एसी असला तर प्रश्नच नाही, ते स्वतःच हळू उठतात. इस्त्री, गिझर यांना झटका नाही पण पोट मोठं. कडबा कुट्टीची २ एचपीची मोटर या मशीनवर लावायचा विचार मनातसुद्धा आणू नका. ग्राइंडर, ड्रिल, मिक्सर यांची ब्रशवाली मोटर, झटका असतोय पण क्षणाचा.

म्हणून लावायचा क्रम. लोक आधी घर चालू करतात आणि शेवटी मोटर, हे उलटं आहे. घराचा मेन काढा, इको बंद, मोटर एकटी लावा, ती स्थिर झाली की फ्रिज, मग बाकीचं. मोटर चालू असताना फ्रिजचा कॉम्प्रेसर मधेच उठला तरी आता खाली जागा शिल्लक असती. आणि ओव्हरलोडनं आउटपुट गेलंच तर लगेच परत परत स्टार्टर देऊ नका, मोटर काढा, मशीन रीसेट करा किंवा बंद करून परत चालू करा, थोडं गार होऊ द्या, लागोपाठ दहा झटके म्हणजे पापड करपायचीच तयारी.

आणि चेंजओव्हर स्विच बसवा. हे मी स्वतःच्या अंगावरचं सांगतोय. धंद्यात नवीन असताना एका गिऱ्हाइकाच्या घरी घाईत जनरेटर सरळ बोर्डातल्या सॉकेटमधनं उलटा दिला, मेन पाडला असं समजून. मेन पाडलाच नव्हता. दहा मिनिटात लाईन आली आणि फाट्‍ करून इन्व्हर्टर मॉड्यूल गेलं. ते मॉड्यूल काळ्या रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं असतंय, डांबरात बुडवल्यासारखं, आतलं काहीच बदलता येत नाही, अख्खं नवीनच घालावं लागतंय आणि ते मशीनच्या किमतीच्या मानानं फार महाग. पैसे माझ्या खिशातनं गेले. त्या दिवशी नुसतं मॉड्यूल गेलं म्हणून बरं, लाईन यायच्या आत कोण लाईनमन खांबावर असता तर माझ्या जनरेटरचा करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधनं वर जाऊन त्याला लागला असता. आणि हो, टेस्टर लावल्यावर दोन्ही भोकात थोडं थोडं पेटतंय म्हणून घाबरून फोन करू नका, या मशीनांचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतोय, म्हणून तसं दिसतंय.

एवढं सगळं करून, म्हणजे कंडेन्सर, वायर, इको, फिल्टर बघून पण मोटर उठली नाही तर? मग तीन वाटा.

एक म्हणजे त्याच मॉडेलचं दुसरं मशीन घेऊन पॅरलल केबलनं जोडायचं, मर्यादा जवळजवळ दुप्पट होती, पण दिवसातनं अर्धा तास पाणी चढवायला दुसरं मशीन घेणं मला पटत नाही. दुसरी, मोठं मशीन घ्यायचं. माझा स्वतःचा ठोकताळा असा की कंडेन्सरवाल्या १ एचपीला इन्व्हर्टर जनरेटर ५ केव्हीएच्या आसपास असला तर झोप लागती, ३ वर तो काठावर असतोय, जमला तर जमला. पैसे बघता, जुन्या पद्धतीचा साधा जनरेटर फक्त मोटरीसाठी आणि इन्व्हर्टरवाला घरासाठी, हे आपल्याकडं बऱ्याच जणांनी केलंय आणि त्यात काही कमीपणा नाही.

तिसरी वाट मला जास्त आवडती. सिंगल फेज मोटर काढून १ एचपीची थ्री फेज मोटर बसवायची आणि मधे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरीचा स्पीड ठरवणारा डबा, लावायचा. छोट्या थ्री फेज मोटरी आपल्याकडं ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, सहा टोकं बाहेर असली तर पट्ट्या फिरवून डेल्टा करायची, मग ती २३०-२४० ला चालती. टोकं बाहेर नसली तर रिवाइंडरकडं न्या, आत टोकं काढून मिळतात. व्हीएफडी मोटरीला पाच-दहा सेकंदात शून्यापासून हळूहळू चढवतोय, ३१ अँपिअर वगैरे काही दिसतच नाही, लाल दिवा ढुंकून बघत नाही. शिवाय पंपाची ताकद स्पीडच्या घनात उतरती, ४० हर्ट्झवर चालवला तर निम्म्या वॅटमध्ये काम. मात्र पाणी चढवायची उंचीही वर्गात उतरती, ४० हर्ट्झला ६४ टक्केच, तेव्हा टाकी किती उंच आहे ते बघून हर्ट्झ ठरवायचे, नाहीतर मोटर फिरतीय आणि पाणी पाइपातच उभं. एक चूक करू नका, तुमच्या आत्ताच्या कंडेन्सरवाल्या मोटरीला व्हीएफडी लावायचा नाही, कंडेन्सर आणि व्हीएफडी दोन्ही जातील. सिंगल फेजचे सॉफ्ट स्टार्टरपण मिळतात, पण ते व्होल्टेज कमी करूनच झटका कमी करतात, टॉर्क पडतोय, पंपाला कधी जमतंय कधी नाही, उसनं मिळालं तर लावून बघा, विकत घेऊन प्रयोग नको.

तुमच्याकडं आत्ता करण्यासारखं एवढंच, कंडेन्सर खोलून कुठल्यातरी मीटरवर लावा, आणि अंगावर लिहिलेला आकडा आणि मीटरचा आकडा दोन्ही मला कळवा. लाल दिवा किती सेकंदांनी हिरव्याला घालवतोय तेपण मोबाईलवर शूट करून ठेवा, इंजिनचा आवाज त्यात यायला पाहिजे.